एकशेसव्वीस

एलिशा साळवे शरणपूरहून फ्रेम खांद्यावर घेऊन आले.
चाकं नाहीत, चेन नाही,
पुढचा फाटा सुतळीनं बांधलेला.
"साल सांगा. एकाहत्तरच्या आतलं असणार."

असणार, या शब्दाला मी बिचकते.
सातपूरला एकोणीस वर्षं इन्स्पेक्शनला होते,
व्हर्नियर अजून तोच, निघताना मागून घेतलेला.
आता दुकान तांबट आळीच्या तोंडाशी.
दिवसभर हंड्यांवर ठोके,
त्यामुळे बोलणं कमी, मोजणं जास्त.

फ्रेम उलटी केली.
उलटी केल्याशिवाय कुठलीच सायकल खरं सांगत नाही.
बॉटम ब्रॅकेटखाली पाच आकडे,
शेवटचे दोन गंजानं खाल्लेले. नेमके तेच.
सीटपोस्ट सत्तावीस पॉइंट दोन :
म्हणजे नळी चांगल्या घरची.
लगांची टोकं भाल्यासारखी, हातानं कानसलेली,
एक टोक जरा आखूड,
कानसणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई असावी.
सांध्यातून पितळेची कड डोकावत होती.
शेजारचे सदूभाऊ हातोडी थांबवून म्हणाले,
"डाख देणारा घाबरट नव्हता."

मग मागचा चिमटा, चाक बसतं तिथलं अंतर.
एकशेसव्वीस.
पाच गिअरच्या काळात एकशेवीस असायचं.

"ताणून रुंद करतात ना?"
करतात.
दोन्ही पाती समांतर आहेत का पाहिलं. समांतर.
"तेही सरळ करून घेता येतं."
येतं.
ब्रेकच्या नटाचं भोक आत बुडालेलं, नंतरच्या पद्धतीचं.
"मागाहून पाडलं असेल."
असेल.
सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस,
प्रत्येक मापाला जबाब तयार,
थोरल्या भावाची बाजू मांडायला उभा असल्यासारखा.

भाऊच होता. दानिएल.
एकाहत्तरचा फेब्रुवारी, कसारा घाट, उताराचं वळण.
सायकल पंचनाम्यात गेली ती गेली.
ही अठ्ठ्याऐंशीत भद्रकालीच्या भंगारात दिसली,
रंग वांगी, तोच,
साडेतीनशे रुपये.

गिअरची दांडी बसते तो बुंधा नळीवर झाळलेला होता.
पूर्वी तिथं नुसती पट्टी आवळायचे.
मी नखाएवढा रंग खरवडला.
वांगीखाली हिरवा,
हिरव्याखाली क्रोम,
आणि क्रोम नळीवरून बुंध्यावर अखंड चढलेलं,
मध्ये शिवण नाही.
मागाहून डकवलेलं असं नसतं.

या वेळी ते काही बोलले नाहीत.
मीही भिंग पुसत राहिले, स्वच्छ असलेलं.

"आईला मीच सांगितलं होतं," बऱ्याच वेळानं म्हणाले,
"ही आपल्या दानूचीच म्हणून.
दर रविवारी चर्चहून आली की ती पुसायची,
तेलाच्या फडक्यानं, बोट जाईल तिथं तिथं.
चौदा वर्षं."

वरच्या नळीवरचा रंग विरलाय, लगांच्या टोकांवरचा उडालाय.
सकाळीच मी चिठ्ठीवर लिहिलं होतं :
चालवणाऱ्याचे गुडघे घासून झीज.
ते खोडलं.
त्याखाली लिहिलं, पंचाहत्तर ते ब्याऐंशी, नक्की सांगता येत नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
"खाली एक ओळ रिकामी आहे ना?
तिथं अठ्ठ्याऐंशी घाला. आमच्यात आली ते."
न मोजलेलं मी कधी लिहीत नाही.
लिहिलं.

चाकांची किंमत विचारली, ऐकून नको म्हणाले,
मजुरी मात्र घासाघीस न करता दिली.
फ्रेम खांद्यावर चढवली, सवयीच्या खांद्यावर,
आणि ठोक्यांमधून चालू लागले.
मागच्या चिमट्याच्या एकशेसव्वीस मिलिमीटरमधून
गल्ली दिसत राहिली,
एक स्कूटर, परातीच्या कडेचं ऊन,
वळण.